तियांगची जागा

"मग माझ्यात उणं काय आहे, तामा?"

हुसुंगने राळ्याचे कणीस तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि उरलेले दाणे निरखून पाहिले.

"उणं काही नाही."

"मग अडलं कुठं?"

"तिथंच अडलं."

तैवानच्या मधल्या डोंगररांगेत, ढग ज्या उंचीवर येऊन थबकतात तिथे, बुनून लोकांचे एक लहानसे गाव आहे. म्हातारा हुसुंग हा तिथला प्रार्थनेचा प्रमुख. राळ्याच्या पेरणीच्या दिवशी पहिला, सर्वांत खालचा सूर तो लावतो. प्रश्न विचारणारा लानिहू हाही त्याच गावचा. परंतु शिकायला म्हणून शहरात गेला तो तिथलाच झाला. संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला, मोठ्या सभागृहांत गाणारा.

वडिलांना आणि वडिलांच्या वयाच्या कोणत्याही पुरुषाला बुनून माणूस एकाच शब्दाने हाक मारतो : तामा. ज्याचे वडील नुकतेच गेले आहेत, त्यालाही तो शब्द दिवसातून कितीदा तरी उच्चारावा लागतो.

लानिहूचे वडील तियांग हिवाळ्यात गेले. प्रार्थनेच्या वर्तुळात त्यांची जागा हुसुंग आणि उमास यांच्या मधली. ती आता रिकामी होती, आणि लानिहूला ती हवी होती.

या प्रार्थनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तिला शब्द नाहीत, केवळ स्वर आहेत. पुरुष वर्तुळ करून उभे राहतात, एकमेकांच्या पाठीमागून हात गुंफतात, आणि एक खालचा सूर अतिशय सावकाश, कुठे पायरी जाणवू न देता, वर चढवत नेतात. सगळे आवाज जिथे एकजीव होतात तिथे आकाश ते ऐकते आणि त्या वर्षी राळा भरतो, अशी श्रद्धा आहे. वर्तुळाबाहेरच्यांनी त्या वेळी केवळ स्तब्ध उभे राहायचे असते.

"गेल्या पेरणीला मी आलो होतो," लानिहू म्हणाला. "तिथं, बायकांच्या मागे उभं राहून ऐकलं. सगळ्यांत वरचा सूर माझ्या वडिलांचा होता."

"ओळखलास?"

"कुठंही ओळखीन. तोच गळा आहे माझा."

शेजारी उमास कुदळीला दांडा बसवत होता. त्याने मान वर केली, बोलण्यासाठी तोंड उघडले... हुसुंगने त्याच्याकडे पाहिले. उमास पुन्हा दांडा ठोकू लागला.

"तो सूर मी एका श्वासात धरीन, तामा. शेवटपर्यंत. तुमची माणसं मध्येच दम घेतात."

"घेतात."

"मला तशी गरज पडत नाही."

"ठाऊक आहे."

"त्यांची जागा मी भरून काढीन."

"भरून काढायला तो काय खड्डा आहे?"



हुसुंगने हातातले दाणे बियाण्याच्या टोपलीत सोडले. उठताना त्याला धाप लागली. वय झाले होते. छातीत वाऱ्याला जागा थोडी उरली होती.

"असं कर," तो म्हणाला. "तुझा श्वास संपला, की ये."

"...संपला की?"

"संपला की."

आणि तो अंगणाकडे चालू लागला. पेरणीची सकाळ तीच होती. पुरुष जमले होते.

वर्तुळ झाले. हुसुंग आणि उमास यांच्यामध्ये एका माणसाची फट तशीच ठेवली होती. लानिहू बायकांच्या मागे जाऊन उभा राहिला. हुसुंगने डोळे मिटले, ओठ उघडले...

उमास शिंकला.

हात सुटले. टोपल्या उचलल्या गेल्या. जो तो घराकडे निघाला.

पेरणीच्या प्रार्थनेच्या वेळी शिंक आली की तो दिवस संपला, हा बुनूनांचा जुना नियम आहे. त्याची कारणमीमांसा कोणी विचारीत नाही. शरीराने 'आज नको' म्हटले, इतके त्यांना पुरेसे असते.

"उमास, खरं सांग," वाटेत एकीने हटकले, "राळ्याचे उंडे दोनदा खायला मिळावेत म्हणून शिंकलास ना?"

"कुदळीचा भुसा नाकात गेला ग!"

"दरवर्षी कुठून ना कुठून भुसा जातोच तुझ्या नाकात."

लानिहूला हसू आले नाही. त्याला एक दिवस मिळाला होता, परंतु त्याचे काय करावे हे उमगत नव्हते.

*

पेरणीसाठी केलेले उंडे त्याच दिवशी खाऊन टाकावे लागतात. दुसऱ्या दिवसासाठी नवे करायचे, म्हणजे राळा पुन्हा कांडणे आले. दुपारी लांगुइच्या अंगणात उखळ मांडले गेले. लांगुइ ही लानिहूची आई. आईला बुनून 'चिना' म्हणतात.

एका उखळाभोवती चौघे उभे राहतात, आणि चार लांब मुसळे पाळीपाळीने पडतात. प्रत्येक मुसळाचा नाद निराळा असतो. लानिहूने चौथे मुसळ घेतले. त्याची लय बिनचूक होती. त्याचा घाव इतरांच्या दुप्पट होता, आणि त्यामुळे उरलेले तीन नाद ऐकू येत नव्हते.

काही वेळाने लांगुइचा हात थकला. तिने आपली पाळी सोडली आणि ती ओसरीवर जाऊन बसली. पलीकडच्या बाईने, मान न वळवता, तिच्या पाळीचाही घाव घातला.

"चिना, तुम्ही सगळ्या बसा," लानिहू म्हणाला. "मी एकटा करतो. लवकर होईल."

"लवकर होईल रे," पलीकडची बाई म्हणाली, "पण मग उरलेली दुपार आम्ही कुणाच्या सुनांवर बोलत काढायची?"

सगळ्या हसल्या. लानिहूने मुसळ ठेवले आणि आईजवळ ओसरीवर येऊन बसला.

तिने आता मांडीवर तियांगचे जाकीट घेतले होते. बिनबाह्यांचे, पांढऱ्या जाड विणीचे. ते तिनेच, पाय ताणून, कमरेला माग बांधून, लग्नाच्या वर्षी विणले होते. पुढची बाजू जवळजवळ कोरी. सापाच्या खवल्यांसारखी चौकटींची रंगीत नक्षी सगळी पाठीवर. ज्याने घालायचे त्याला ती दिसत नाही. मागे उभा असलेल्याला दिसते.

नक्षीच्या अगदी मध्यावर कापड विरले होते.

"इथं कसं झिजलं?" लानिहूने बोट ठेवले. "ओझं वाहून?"

"ओझं या जाकिटात कुणी वाहतं का? हे प्रार्थनेचं आहे."

"मग?"

"उभं राहून झिजलं."

त्याला अर्थबोध झाला नाही. लांगुइने सुईत दोरा ओवला. "आधी एवढं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "शेवटी शेवटी जास्त झिजलं..."

ती थांबली. लानिहूचे लक्ष दुसरीकडेच होते.

"चिना, एक विचारू?"

"विचार."

"गेल्या पेरणीला मी निघालो तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत. फोनवरही तूच बोलायचीस. त्यांचा नुसता खोकला ऐकू यायचा." त्याने विरलेल्या कापडावरून बोट फिरवले. "मी सभागृहांत गातो, हे त्यांना आवडत नव्हतं ना?"

"असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. कुणी काही बोललंच नाही."

लांगुइने दोरा दाताने तोडला.

"रागावले नव्हते तुझ्यावर," एवढेच ती म्हणाली.

"म्हणून तर मला तिथं उभं राहायचंय. त्यांच्या जागी, त्यांच्या सुरात. त्यांना कळायला हवं की..." त्याने वाक्य पुरे केले नाही. "उद्याही घेतलं नाही, तर मी जातो, चिना. मग पुन्हा यायचं ते कशासाठी?"

सुई थांबली.

अंगणात मुसळांचा नाद चालू होता. आता दोनच मुसळे होती, पण उरलेल्या दोन्हींची पाळी कुठेतरी भरून निघत होती.

"हुसुंगतामाने काय सांगितलं तुला?" तिने विचारले.

"श्वास संपला की ये, म्हणाले."

"मग संपव."

ती हे गमतीने म्हणाली की गांभीर्याने, हे तिच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते. लानिहूने ते गांभीर्याने घेतले.

*

दिवस मावळायच्या सुमाराला हुसुंगच्या घरी राळ्याची पेज शिजली होती. भांडे मध्ये ठेवून, भोवती बसून, जो तो लाकडी चमच्याने आपल्या बाजूची पेज खातो, ही इथली रीत. हुसुंग, त्याची बायको आणि उमास असे तिघे बसले होते.

इतक्यात दारात लानिहू आला. खालच्या ओढ्यापासून तो कडा चढून, एकदाही न थांबता, धावत आला होता. घामाने निथळत होता. दाराची चौकट धरून त्याने तोंड उघडले, शब्द फुटेना.

"सं... संपला," तो कसाबसा म्हणाला. "तामा... संपला. आता... घ्या."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

प्रथम उमास हसला. मग हुसुंगची बायको. मग हुसुंग हसला, आणि हसू त्याला आवरेना.

"अरे... हा धावण्याचा!" तो म्हणाला. "हा... आत्ता परत येईल..."

"आणि मी काय म्हणालो होतो?" उमासने चमचा उगारला. "शहरात यांना सांगितलेलं करायला शिकवतात. ऐकायला कोण शिकवणार?"

"तुम्ही आधी शिंकायचं थांबवा, तामा," लानिहू धापा टाकत म्हणाला. उमास अधिकच हसला.

हुसुंगचे हसणे मात्र एव्हाना खोकल्यात बदलले होते. खोकला थांबेना. त्याचा चेहरा काळवंडला. एक हात जमिनीवर टेकला. बायकोने पाणी पुढे केले, त्याने ते बाजूला सारले.

लानिहू आत धावला आणि त्याच्या मागे गुडघ्यांवर बसला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये त्याने तळहात ठेवला. पाठ हाडकुळी होती. तळहाताखाली श्वास अडखळत वर येई, कुठेतरी अडे, पुन्हा खाली जाई.

लानिहूने हात काढला नाही.

हळूहळू खोकला शमला. श्वास लांबला, मध्ये अडण्याची जागा मात्र तशीच राहिली. तिथे आला की लानिहूचा तळहात आपोआप किंचित घट्ट होई, पुढे गेला की सैल. त्याचा स्वतःचा श्वासही कधीचा त्या गतीला येऊन मिळाला होता. हे त्याच्या लक्षात आले नव्हते. हुसुंगच्या आले होते.



"हात राहू दे," हुसुंग म्हणाला.

"आहे, तामा."

"उद्याही तिथंच राहू दे."

लानिहूला ते उमजायला थोडा वेळ लागला. तोवर हुसुंगच्या बायकोने त्याच्या हाती चमचा दिला होता.

पेज त्याने भराभरा संपवली. त्याच्या बाजूचे भांडे रिकामे झाले. हुसुंगच्या बाजूची पेज तशीच होती. तो घासाघासाला थांबत होता. उमासने आपला चमचा भांड्यातच टेकवून ठेवला, आणि गप्पा मारीत वाट पाहत राहिला. सर्वांत सावकाश खाणाऱ्याचे होईपर्यंत त्या घरात कोणी चमचा बाहेर काढीत नसे.

लानिहूने त्या चमच्याकडे पाहिले. मग आपला चमचा त्याने पुन्हा भांड्यात टेकवला.

*

दुसरी सकाळ स्वच्छ होती. उमासच्या नाकाला त्याच्या बायकोने कापड बांधून आणले होते. ते पाहून बायका इतक्या हसल्या की हुसुंगला हात वर करून त्यांना गप्प करावे लागले. प्रार्थनेपुरते ते कापड उतरले.

लानिहूच्या अंगात वडिलांचे जाकीट होते. लांगुइने विरलेल्या भागाभोवती दोरा घातला होता. मध्यभाग तसाच ठेवला होता.

वर्तुळ झाले. लानिहू त्या फटीत उभा राहिला आणि त्याने उमासचा हात धरला.

उमासने त्याच्या हातावर चापट मारली.

"माझा नाही रे. माझ्या पलीकडच्याचा."

लहानपणी शेकडो वेळा पाहिलेली ही गोष्ट तो विसरला होता. वर्तुळात शेजाऱ्याचा हात धरायचा नसतो. आपला हात शेजाऱ्याच्या पाठीमागून न्यायचा आणि त्याच्या पलीकडे उभा असलेल्याचा हात धरायचा. अशा रीतीने प्रत्येकाच्या पाठीवर, अगदी मध्यावर, दोघांचे हात एकमेकांत अडकलेले असतात.

लानिहूच्या पाठीवर हुसुंगचा आणि उमासचा हात येऊन मिळाला. मुठी घट्ट झाल्या. नेमक्या त्या जागी, जिथे कापड विरले होते.

...उभं राहून झिजलं.

हुसुंगने पहिला सूर लावला. अगदी खालचा, जमिनीलगतचा. मग उमास, मग पलीकडचे. लानिहूही मिळाला. आदल्या दिवशीचे मुसळ त्याला आठवले. त्याने आपला आवाज उतरवला. सूर चढू लागला. कोण चढवते आहे हे कळत नव्हते. वर्तुळ किंचित किंचित सरकत होते.

त्याच्या हाताखाली हुसुंगची पाठ होती. तिथे श्वास अडला. लानिहूने त्याचा सूर अलगद उचलला. पाठ पुन्हा हलली. सूर परत तिच्याकडे गेला. बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही काही कळले नाही.

सूर डोंगराच्या खांद्यापर्यंत चढला. आता वरचा. तियांगचा.

लानिहूने छाती भरून घेतली. जाकिटाला धुराचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक वास होता... लहानपणी ज्या पाठीवर बसून तो अंगणाखालचे शेत उतरला होता त्या पाठीचा.



जो श्वास कधीच कमी पडला नव्हता, तो संपला. हिवाळ्यात, दफनाच्या दिवशीही न आलेले अश्रू आता आले. त्याचे तोंड उघडे होते. त्यातून काहीही बाहेर पडत नव्हते.

पाठीवरच्या दोन मुठी आवळल्या गेल्या. कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही.

आणि वर्तुळातून वरचा सूर लागला. स्थिर, उंच, कुठेही न कापणारा. तो शेतावरून पलीकडच्या कड्याकडे गेला, आणि सगळे आवाज त्यात विरून एक झाले.

मग शांतता.

हात सुटले. बायका टोपल्या घेऊन पुढे आल्या. लांगुइ दूर उभी राहून मुलाकडे पाहत होती.

लानिहू जागचा हलला नाही.

"तामा..." तो म्हणाला. "माझ्याकडून चूक झाली."

"कोणती?"

"ऐन वेळी श्वास संपला. वरच्या सुराला मी गायलोच नाही. नुसतं तोंड उघडून उभा होतो."

"सूर तुटला?"

"...नाही."

"मग?"

"पण मी जागा घेतली होती त्यांची. त्यांच्या जागी मुका उभा राहिलो."

हुसुंगने श्वास घेतला. तो अडला, त्याने वाट पाहिली.

"शेवटच्या दोन पेरण्यांना," तो म्हणाला, "तियांगच्या गळ्यातून आवाज येतच नव्हता. घसा गेला होता त्याचा. तोही असाच नुसतं तोंड उघडून उभा राहायचा. तुला सांगू नका, अशी हातानं खूण केली होती आम्हाला. तू गाणं अर्ध्यावर टाकून परत येशील म्हणून."

लानिहूने आईकडे पाहिले. लांगुइने मान हलवली. पाठीवर ठेवलेला तो हात... फोनवरचा तो खोकला...

"दोन पेरण्या?" त्याचा आवाज जेमतेम फुटला. "म्हणजे गेल्या वर्षीही?"

"गेल्या वर्षीही."

"पण तामा, वरचा सूर... मी ऐकला होता. त्यांचाच होता तो!"

हुसुंगने टोपलीतून राळ्याची मूठ भरली आणि पेरण्यासाठी त्याच्या ओंजळीत घातली.

"मीही ऐकला," तो म्हणाला. "त्याचाच होता."